बेडकांची तक्रार

लिंडेहोक, २ मार्च १५१७

गोसन,

वर 'प्रिय' लिहिलं होतं. ते खोडलं, मग खोडलेलं वाईट दिसायला लागलं म्हणून हा दुसरा कागद घेतला. लग्न करून नदीपलीकडे गेलेल्या सख्ख्या भावाला अकरा वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करावी, हे मी शिकलेल्या एकाही पुस्तकात नाही.

उद्या तुझ्या कचेरीत आमच्या नगरसभेचं पत्र येईल. तेही माझ्याच अक्षरात असेल, पण मजकूर माझा नाही. तुमच्या डोर्नवेक गावाला उद्देशून त्यात जी विशेषणं आहेत ती नगराध्यक्ष पाउवेल्स यांनी उभ्याउभ्या सांगितली आणि मी उतरवून घेतली. अर्थ एवढाच, की बंधाऱ्याचं फाटक तुम्ही ईस्टरच्या आत उघडलं नाहीत तर आम्ही येऊन तोडू. दरवर्षीचंच आहे म्हणून सोडून देऊ नकोस. यंदा पाणी फार आहे, आमचं कुरण गुडघाभर बुडालंय आणि लोहाराकडे भाल्यांना धार लावायला रांग आहे. ती रांग मी स्वतः पाहिली.

तुझं घर फाटकाच्या खालच्या अंगाला आहे. बिछाने माडीवर हलव. आलेट वहिनी ऐकणार नाही, तरी हलव.

पत्राचं खरं कारण मात्र हे नाही. कारण असं, की पंडित लिव्हिनुस आमच्या गावात आलाय. होय, तोच. ज्याला राजे पत्रं लिहितात आणि ज्याच्या शिष्टाचाराच्या पुस्तकामुळे माझी बायको योसिना मला बाहीला नाक पुसू देत नाही. ब्रसेल्सला निघाला होता, वाटेत मूतखडा उठला, आणि आता 'पांढरा हंस' सराईत पडून आहे. पाउवेल्सना वाटतं, देवानंच पाठवला. कारण तुझ्यापासून काय लपवू, गेल्या वर्षी फाटकाबद्दल दरबाराला मी जो लॅटिन अर्ज लिहिला तो परत आला. चिटणिसानं समासात लिहिलं होतं, 'ही कोणती भाषा?' पूर्वी असल्याच लॅटिनवर आपल्या बाबांनी तीस वर्षं लेखनिकी केली. आता दरबारात सगळे या पंडिताची पुस्तकं वाचून बसलेत आणि त्यांना प्राचीन रोमच्या सिसेरोच्या लॅटिनखालचं काही चालत नाही. तेव्हा अर्ज आता पंडितानंच लिहायचा, असं सभेत ठरलंय.

उत्तर पाठवलंस तर सरळ माझ्या नावानं पाठवू नकोस. मिठाच्या पोत्यात घाल.

रेनियर

---

२९ मार्च

गोसन,

तुझं उत्तर मिळालं. 'पत्र पोचलं. बिछाने हलवले.' चार शब्द. बाबा म्हणायचे, गोसन बोलायला लागला की थांबत नाही. बदललास म्हणायचा.

पंडित परवा गेला. सत्तावीस दिवसांत सराईवाली बाई सत्तावीस वर्षांनी म्हातारी झाली. त्याला हेरिंग माशाचा वास चालत नाही, आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आपल्याकडे दुसरं असतं काय? त्यानं पेटीतून रोमहून आणलेला परवाना काढला: प्रकृतीच्या कारणास्तव उपासात कोंबडी खाण्याची मुभा. बाईचा विश्वास बसेना. तिनं मला बोलावून तो सगळा वाचून घेतला, मग शिक्का दाताखाली धरून पाहिला, आणि मग म्हणाली, 'मुभा कोंबडी खायची आहे, मी ती शिजवायची असं यात कुठं लिहिलंय?' शेवटी योसिनानं शिजवली. बिअर त्याला पोटात जड होते म्हणून बर्गंडीची दारू पाउवेल्सच्या तळघरातून आली. आणि हे सगळं चालू असताना रोज टपालवाला घोड्यावरून यायचा. हंगेरी, पोर्तुगाल, कुठकुठली पत्रं. सगळ्यांना एकच हवं असायचं, की पंडितानं आपल्या बाजूनं लिहावं. तो प्रत्येकाला इतकं सुंदर उत्तर लिहायचा की कुणालाच नाही म्हटलंय हे कळू नये. मी नक्कल करायला बसायचो म्हणून मला ठाऊक.

अर्जासाठी माहिती हवी म्हणून त्यानं मला फाटकाबद्दल विचारलं. मी जेवढ्यास तेवढं सांगितलं. तारखा, निवाडे वगैरे.

'चाळीस वर्षांत मेले किती?' त्यानं विचारलं.

'तिघं. आणि एकाचा हात गेला.'

'आणि कुरण केवढं आहे?'

'चौदा गाई चरतील एवढं.'

तो हसला. मग हसायचा थांबला. पोटावर हात धरून म्हणाला, 'मी राजांना लिहितो तेव्हा आकडे मोठे असतात. बाकी सगळं हेच असतं.' मग त्यानं हात गेलेल्या माणसाचं नाव विचारलं. मी सांगितलं, आलेटचा भाऊ. तो काय काम करतो आता, असंही विचारलं. ते मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत मी विचारलंच नाही कधी.

जाताना तो म्हणाला, अर्ज अँटवर्पहून पाठवतो. इतक्या मोठ्या माणसाचा अर्ज येणार म्हटल्यावर पाउवेल्सनी फाटक तोडायचं पुढं ढकललं. म्हणाले, दरबार आपल्या बाजूनं निकाल देणारच आहे, मग उगाच चिखलात कशाला जायचं. भाले परत माळ्यावर गेले. एवढं तरी त्या माणसानं कोंबडी खाऊन केलं.

बिछाने खाली आणायला हरकत नाही.

रेनियर

---

१४ सप्टेंबर

गोसन,

अर्ज आला नाही, पुस्तक आलं. तुमच्याकडेही आलं असणार, पण आमच्याकडे काय झालं ते ऐक.

'बांधावरचे बेडूक' असं नाव. एका बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन डबकी, आणि मधल्या फाटकावरून बेडकांची चाळीस वर्षं चाललेली लढाई. अखेर दोन्हीकडचे सगळे बेडूक करकोचाला मध्यस्थ नेमतात, पुढचं तुझ्या लक्षात येईलच. छोटं पुस्तक आहे, पण गावाची नावं दोन अक्षरं बदलून तशीच ठेवलीत.

ते आलं तेव्हा पाउवेल्सनी सभा भरवली आणि मला वाचून अर्थ सांगायला उभं केलं. पहिलं पान डोळ्याखालून गेलं आणि हे कुणाबद्दल आहे ते मला कळलं. समोर बावीस माणसं, सगळ्यांनी रविवारचे कपडे घातलेले. मी काय करणार? 'तोंडानं मोठे आणि डोक्यानं लहान' याचं मी 'वक्तृत्वसंपन्न आणि विनम्र' केलं. 'चिखलाला राज्य समजणारे' याचं 'मातृभूमीवर प्रेम करणारे' केलं. नगराध्यक्ष-बेडूक स्वतःच्या पावावरही गावाचा शिक्का मारतो, तिथं मी म्हटलं की तो अन्नावरही कायद्याचं राज्य आणतो. पाउवेल्सच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुस्तक साखळीनं बांधून सभागृहात ठेवायचा हुकूम दिला, आणि तीन आठवडे येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत होते.

मग शाळेत नवा मास्तर आला. लूव्हेनच्या विद्यापीठातला, पंडिताच्याच पुस्तकांवर वाढलेला. तो सभागृहात आला, पुस्तक उघडून उभ्यानं वाचायला लागला आणि हसता हसता बाकावर बसला. पाउवेल्सनी विचारलं, काय झालं? मास्तर बिचारा भोळा. त्यानं सांगितलं.

त्या दिवसापासून माझ्याशी कुणी नीट बोलत नाही. पण खरा प्रताप अँटवर्पच्या जत्रेत झाला. आमचे कापडवाले गेले, तर मासेवाल्यांनी त्यांना बघून 'डराँव' केलं. आधी एकानं, मग सगळ्या बाजारानं. पाउवेल्स मखमली टोपी घालून चालले होते, त्यांच्यामागे अख्खी गल्ली डराँव डराँव करत गेली. पलीकडच्या टोकाला तुमचे कापडवाले हेच सोसत होते. पुढं मारामारी जुंपली, आणि गोसन, आमची माणसं नि तुमची माणसं पाठीला पाठ लावून लढली. पाउवेल्सना तुमच्या नगराध्यक्षांनी गटारातून ओढून काढलं. मी हे अधिकृत नोंदीत लिहिलेलं नाही, पाउवेल्सनी लिहू दिलं नाही.

व्यापारी सांगतात की दोन राजांचे वकील कुठल्याशा किल्ल्यासाठी वाटाघाटी करत बसले होते. आठवडाभर कुणी मागं हटेना, तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या कुणीतरी हळूच डराँव केलं. सगळे हसले, आणि वर्षभराचा तह झाला. खरं खोटं देव जाणे. पण असं असेल तर आपली नाचक्की निदान कुणाच्या तरी कामी आली.

आता तुला एक विचारतो. पुस्तकात खालच्या डबक्याचा जो मुख्य बेडूक आहे, तो फाटकाची किल्ली पायाच्या अंगठ्याला बांधून झोपतो. ही गोष्ट लिंडेहोकात कुणालाच ठाऊक नव्हती. तेव्हा पंडिताला कुणी सांगितली असेल, याचा जरा विचार कर. आमच्याकडून कुणी काही बोललं असेल यावर माझा विश्वास नाही.

रेनियर

---

२५ नोव्हेंबर

गोसन,

पुलावर तू मला नमस्कार केलास तो लॅटिनमध्ये केलास. मीही लॅटिनमध्ये उत्तर दिलं. सगळ्यांना वाटलं, कचेरीची रीत असेल. तू जाड झालायस. मी हे लॅटिनमध्ये म्हणू शकलो असतो, पण दोन्ही नगराध्यक्ष जवळ उभे होते.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही गावं एका कागदावर शिक्के मारायला तयार झाली, आणि कशासाठी, तर पंडित लिव्हिनुसवर बेअब्रूची तक्रार करायला. त्यासाठी तीन दिवस तू आणि मी एका टेबलावर बसून जो मसुदा केला तो मला बरा वाटला होता. तुला वाईट वाटू नये म्हणून तेव्हा बोललो नाही, पण तिसऱ्या परिच्छेदातलं चुकलेलं क्रियापद तुझं होतं. दरबारानं मसुदा परत पाठवलाय. समासात लिहिलंय, 'कृपया लॅटिनमध्ये सादर करावे.'

मग दोन्ही नगराध्यक्ष एकांतात बसले आणि त्यांनी ठरवलं की ज्याचं लॅटिन दरबाराला चालतं अशा माणसाकडून लिहून घ्यावं. असा माणूस एकच. मी म्हटलं, 'पण तक्रार त्याच्याचविरुद्ध आहे.' पाउवेल्स म्हणाले, 'म्हणून तर त्याला सगळं आधीच माहीत आहे. वेळ वाचेल.' तुमच्या नगराध्यक्षांनी मान डोलावली. हे दोघं चाळीस वर्षं भांडले कसे, याचंच मला नवल वाटलं. इतकी सारखी डोकी मी पाहिली नाहीत.

तर मी अँटवर्पला जाऊन आलो. पंडित एका छापखानेवाल्याच्या घरी उतरलाय. मला वाटलं, जिन्यावरून ढकलून देईल. त्यानं मला शेकोटीजवळ बसवलं, आपला मसुदा दोनदा वाचला आणि नाराज झाला.

'हे फारच मिळमिळीत आहे,' तो म्हणाला. 'माझ्यावर तुम्ही एवढे चिडलात आणि शब्द असे वापरलेत जणू कुणी तुमचं दूध सांडलंय.'

त्यानं बाह्या सरसावल्या. दोन दिवस लिहीत होता. स्वतःला त्यानं कृतघ्न पाहुणा म्हटलं, कोंबडीखाऊ म्हटलं, लोकांच्या घरचं खाऊन त्यांच्याच ताटात थुंकणारा म्हटलं. मी मध्येच म्हणालो, 'इतकं नको.' तर म्हणाला, 'तुम्ही गप्प बसा, मला राग आलाय.' एका वाक्यावर स्वतःच इतका खूष झाला की छापखानेवाल्याला हाक मारून वाचून दाखवलं. मी परत आलो तेव्हा दोन्ही सभांनी ते ऐकलं, म्हणजे मास्तरानं अर्थ सांगितला. माझ्यावर आता भरवसा नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाउवेल्स म्हणाले, माणूस नीच आहे, पण न्यायी आहे.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. निघताना मी त्याला विचारलं, किल्लीची आणि अंगठ्याची गोष्ट कुठून कळली? तो सहज म्हणाला, 'तुमच्या भावाकडून. तुमच्या गावाहून निघालो आणि नदीपलीकडे गाडीचं चाक मोडलं. चार दिवस त्यांच्याच घरी होतो. त्यांच्या बायकोच्या हातचं सार फार छान होतं.' वर म्हणाला, 'दोघांपैकी जास्त मजेदार कोण सांगतं, हे मला ठरवता आलं नाही.'

तर होय, गोसन. मीही सांगितलं. जेवढ्यास तेवढं नाही, सगळं सांगितलं. सत्तावीस दिवस. पाउवेल्सच्या पावाचं मीच सांगितलं. रोज सकाळी रात्रीची टोपी घालून काठावर उभा राहणारा आणि पलीकडच्यांना मुळाक्षरांच्या क्रमानं शिव्या देणारा म्हातारा बेडूक तू वाचला असशीलच. बाबांना ओळखायला तुला क्षणभरही लागला नसेल. मी सांगितलं तेव्हा पंडित डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मीही हसलो. बाबांची आठवण काढून मी त्यांच्या मरणानंतर पहिल्यांदा हसलो. आमच्या घरात बाबांबद्दल बोलायला माझ्याजवळ कुणी नव्हतं, आणि हा परका माणूस विचारत होता. म्हणून बोललो.

तू का बोललास, ते मी विचारत नाही.

रेनियर

---

९ मार्च १५१८, मंगळवार दुपार

प्रिय गोसन,

तू आत्ताच गेलास, तुझी टोपी अजून पलीकडच्या काठावर दिसतेय. समोर असताना बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसलो.

निकालाची प्रत तुझ्याकडे आहेच, पण तो मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. दरबारानं तक्रार फेटाळली. चिटणिसानं लिहिलंय की अर्जाची भाषा सर्वांनी ओळखली, तो भोजनाच्या वेळी मोठ्यानं वाचण्यात आला आणि एका वृद्ध मंत्र्यांना ठसका लागला. पुढं असं, की ज्या दोन गावांना एकत्र चिडता येतं त्यांना एकत्र एक फाटक सांभाळता यावं. म्हणून फाटकाला दोन कुलपं बसवावीत, एकेक किल्ली दोन्ही लेखनिकांकडे असावी, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी दोघांनी मिळून पाणी मोजून सोडावं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती आलीय, तिच्या शेवटी आपली तक्रार छापलीय. मास्तर म्हणतो, पुस्तकापेक्षा तक्रार सरस आहे. पाउवेल्सनी पाच प्रती मागवल्यात, कारण खाली त्यांची सही आहे. जत्रेत आता कुणी डराँव केलं तर ते टोपी काढून अभिवादन करतात.

आज आपण दोघं फाटकावर उभे होतो. दोन्ही काठांवर अख्खी गावं जमली होती. आपण काय बोललो? तू म्हणालास, कुलपाला तेल हवं. मी म्हणालो, हो, तेल हवं. मग पाणी गेलं. आलेटच्या भावानं डाव्या हातानं फाटकाची साखळी किती सफाईनं ओढली ते मी बघत राहिलो. त्याच्याशीही बोललो नाही.

म्हणून आता लिहितो. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तू पुलापर्यंत आला होतास. आमच्या पहारेकऱ्यांनी तुला हुकूम दाखवला: डोर्नवेकच्या कुणालाही दफनविधीसाठी पूल ओलांडता येणार नाही. तू तो कागद हातात घेऊन वाचलास आणि परत गेलास, असं मला पहारेकऱ्यांनी सांगितलं. अक्षर तू ओळखलंस, हे मला तेव्हापासून माहीत आहे. तुला वाटलं असेल, पाउवेल्सनी सांगितलं आणि मी लिहिलं. तसं नव्हतं. पाउवेल्सना सुचलंही नव्हतं. ते म्हणाले होते, येऊ दे, त्यांचा पोरगा आहे. हुकूम मीच काढायला लावला. तू सात वर्षं आला नव्हतास आणि शेवटपर्यंत बाबा तुझंच नाव घेत होते, माझं नाही. मी त्यांना भरवत होतो आणि ते मला गोसन म्हणत होते. त्या रागात लिहिलं. लॅटिनमध्ये लिहिलं म्हणजे आपल्या हातून काही वाईट होतंय असं वाटत नाही.

पंडितानं हे नाही छापलं. त्याला मी हेही सांगितलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, 'हे माझ्या कामाचं नाही, तुमच्या भावाच्या कामाचं आहे.'

मी आज सकाळी जुना हुकूम रद्द करणारा नवा हुकूम लिहिलाय. शुद्ध लॅटिनमध्ये. पाउवेल्सनी न वाचता सही केली. त्यांना वाटलं, तेलाच्या खर्चाचा कागद आहे. आता पुलावर तुला कुणी अडवणार नाही. चर्चच्या उत्तर भिंतीशी, बाभळीसारखं काटेरी झुडूप आहे त्याच्या शेजारी बाबा आहेत. तिथं उभं राहिलं की खालच्या अंगाला तुझं घर दिसतं. जागा त्यांनीच निवडली होती, मी नाही.

तुला राग येईल. येऊ दे. चार शब्दांचं उत्तर पाठवलंस तरी चालेल, काहीच पाठवलं नाहीस तरी चालेल. पण शुक्रवारी तुला यावंच लागेल, कारण माझ्या एकट्याच्या किल्लीनं फाटक उघडत नाही आणि तुझ्या एकट्याच्याही नाही. दरबाराचा हुकूम आहे. पाणी पूर्ण उतरेपर्यंत आपल्याला अर्धा तास तरी तिथंच उभं राहायला लागतं, तेव्हा काय शिव्या द्यायच्या त्या आरामात दे. मुळाक्षरांच्या क्रमानं दिल्यास तर मला आवडेल.

तेल मी आणतो.

तुझा भाऊ,
रेनियर